मी डोळा मारला नव्हता, दाजी

कोरीट, ता. जि. नंदुरबार
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

श्रीमान रूपचंददाजी, मुक्काम उधना, सुरत यांस कोरीटहून लोटनचा दोन्ही हात जोडून आणि दोन्ही डोळे मिटून नमस्कार. (डावा मी मिटला आहे. उजवा त्याच्या मनाने मिटतो, पण आत्ता मिटलेला आहे हे खरं.) तुमचा गुडघा कसा आहे? अक्काची साखर कशी आहे? तिने पाठवलेलं मेथीचं चूर्ण रोहिणी नेमाने घेते आणि थोडं म्हशीलाही घालते, दोघींनाही गुण आहे. (हे वाक्य अक्काला वाचून दाखवताना 'दोघींनाही' वगळावं.) काजलला आशीर्वाद. इकडे पपईवर यंदा रोग कमी आहे, मिरची वाळत घातली आहे, आणि माझ्या तोंडाची उजवी बाजू सोडली तर सगळं जागच्या जागी आहे.

पत्र लिहिण्याचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. परवा संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला सांगितलं, की काजलसाठी अक्कलकुव्याचं स्थळ चांगलं आहे, मुलगा चांगला आहे, माणसं साधी आहेत. त्यावर तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलात, "समजलो" एवढंच म्हणालात आणि फोन ठेवलात. काल अक्काचा निरोप आला, की तुम्ही त्या लोकांना नकार कळवणार आहात, कारण लोटनने सांगताना तीनदा डोळा मारला. दाजी, मी डोळा मारला नव्हता. मी आजन्म कोणाला डोळा मारलेला नाही. रोहिणीला लग्नाआधी एकदा मारण्याचा विचार होता, पण तेव्हा तिच्याशेजारी तिचे वडील बसले होते. "फोनवर काही ऐकणार नाही, काय ते लेखी पाठव" असं तुम्ही अक्काकडून कळवलंत, म्हणून हे लेखी. उद्या सकाळच्या गाडीने आमच्या गल्लीतला एक जण सुरतेला येतोय, त्याच्याबरोबर हे पाठवतो. ते वाचेपर्यंत कृपा करून नकार कळवू नये.

तर सुरुवात दिवाळीनंतर झाली. उजव्या डोळ्याची खालची पापणी फडफडायला लागली. आरशात बघितलं तर काही दिसेना, पण आत जणू एखादं पाखरू अडकलंय असं वाटे. तेव्हा आमच्याकडे लाईट येण्याची वेळ अशी होती, की पाणी भरायला झोपेच्या वेळी शेतात जावं लागे, आणि जागं राहायचं म्हणून मी थर्मासभर चहा घेऊन जाई. (चहाचा आणि पापणीचा संबंध असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी चहाच घेतला असता.) आमच्या शेजारच्या भिकुबाईने बघितलं आणि म्हणाली, "लोटन, उजवा डोया शे. माणूसले उजवा डोया चांगला ऱ्हास." मग तिने झाडूतली एक बारीक काडी मोडून थुंकी लावून माझ्या पापणीवर चिकटवली. शकुन चांगला असेल तर तो थांबवायचा कशाला, हे मी तिला विचारलं. तिने दुसरी काडी लावली.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात भिकुबाईच्या हरवलेल्या शेळीला पिलांसकट कोणीतरी आणून सोडलं. झालं. माझा डोळा गावाचा झाला. मिरची विकायला निघालेला माणूस आधी आमच्या ओट्यावर येऊन माझ्या तोंडासमोर बसायचा. डोळा लवला, की टेम्पो भरायचा. नाही लवला, तर म्हणायचा, "थांबतो थोडा वेळ," आणि रोहिणी त्याला चहा करायची, मलाही करायची, आणि चहा घेतल्यावर डोळा हमखास लवायचा. एकाने तर लेकीच्या कॉलेजच्या सहामाही निकालाच्या दिवशी तिला माझ्यासमोर उभी केली. पोरगी पास झाली, ती अभ्यासामुळे, पण पेढे मला आले. तिकडे रोहिणी मात्र रोज म्हणे, "डॉक्टरला दाखवा." मी म्हणे, एवढ्याशा पापणीसाठी डॉक्टरकडे काय जायचं? खरं तर दाजी, पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच गावात कोणी मला विचारत होतं. ते सोडवत नव्हतं.

मात्र संक्रांतीच्या सुमारास डोळ्याने हद्द ओलांडली. आधी नुसती पापणी फडफडायची, आता पूर्ण डोळाच गच्च मिटायला लागला. मग गाल ओढायला लागला, आणि काही दिवसांनी तोंडाचा उजवा कोपराही वर चढायला लागला. बाहेरच्या माणसाला दिसे ते असं, की लोटन पाटील बोलता बोलता डोळा मारतो आणि वर गालात हसतो. एका दशक्रियेला मी मयताच्या मुलाचं सांत्वन करायला गेलो आणि म्हणालो, "फार चांगला माणूस होता." त्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं, की मी तिथून थेट नदीवर उतरलो. तेव्हापासून रोहिणीने मला काळा गॉगल घ्यायला लावला. गॉगलने डोळा झाकला गेला, पण हसणारा गाल उघडाच राहिला, त्यामुळे मी आणखीच बदमाश दिसायला लागलो.

अशा अवस्थेत गेल्या आठवड्यात तुम्ही मला, काजलचा मामा म्हणून, अक्कलकुव्याला मुलाचं घर बघायला पाठवलंत. मला वाटलं होतं, त्या दिवशी तरी डोळा घराची अब्रू राखेल. गॉगल लावून सोयरिकीला जाणं बरं दिसत नाही म्हणून तो काढून ठेवला. मी आणि रोहिणी गेलो. मुलाचे वडील हेमकांतभाऊ, खताबियाण्यांचं दुकान, दुकानामागेच घर. आई छबूबाई. मुलगा नवनीत, वीजपंप आणि सोलरच्या कामावर आहे, उंच, थोडा लाजरा. हायवेवरून ट्रक गेला, की घरातल्या कपबशा किणकिणतात, एवढा एक दोष सोडला तर घर नीटनेटकं. आम्हाला बसायला नवाकोरा सोफा दिला, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर तसंच होतं. बसलं, की आवाज व्हायचा, त्यामुळे कोणीच हलत नव्हतं.

छबूबाईंनी विचारलं, मुलगी काय शिकली? मी म्हणालो, "बी.फार्मसी झाली आहे, पहिल्या वर्गात," आणि डोळा मिटला, गाल चढला. छबूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "स्वयंपाक सगळा येतो." पुन्हा तेच. "स्वभाव शांत आहे." पुन्हा. मी घाबरून जरा जास्तच बोलायला लागलो, आणि जितका घाबरलो तितका डोळा सुटला. "आमचे दाजी फार सरळ आहेत, त्यांचा कशाचाही हट्ट नसतो," असं म्हणालो तेव्हा तर तो सलग दोनदा मिटला. (हे बाकी त्याने माझ्या मनातलं ओळखून केलं असेल तर मी जबाबदार नाही.) शेवटी मी म्हणालो, "देण्याघेण्याचं आम्ही काही मानत नाही," आणि चेहऱ्याने त्या वाक्याचं जे करायचं ते केलं. रोहिणीने मला पायाने ढोसलं. सोफा कर्रकन वाजला. बाहेर ट्रक गेला, कपबशा वाजल्या.

हेमकांतभाऊ उठले आणि मला म्हणाले, "भाऊ, जरा बाहेर या." मला वाटलं, आता मारतात. दुकानाच्या गोदामामागे, खताच्या गोण्यांच्या आडोशाला त्यांनी मला उभं केलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "लोटनभाऊ, तुम्ही डोयानी खूण करी, मी समजनू. आते मन्हं बी आयकी ल्या." आणि दाजी, त्या भल्या माणसाने मला डोळा मारला. त्यांना येत नव्हता, दोन्ही डोळे मिटले गेले, पण भावना पोचली.

मग ते सांगायला लागले. नवनीतची नोकरी कायम नाही, कंत्राटी आहे, दरवर्षी पुन्हा करार होतो. बायोडाटा मध्यस्थाने लिहिला, त्याने 'कायम' घातलं आणि यांना खोडवलं नाही. दारात उभी असलेली पांढरी गाडी त्यांच्या मेहुण्याची होती आणि आम्ही चहा पीत असतानाच तो ती घेऊन गेलाही होता. आणि तो सोफा शेजारच्या अनीसभाईच्या फर्निचरच्या दुकानातला होता, फक्त आजच्या दिवसापुरता, म्हणून कव्हर काढलं नव्हतं. "मन्हा आंडोर नको सांगे हाई खोटं," ते म्हणाले, "मुलगा म्हणत होता, जे आहे ते सांगा. मीच घाबरलो."

मला इतकं वाईट वाटलं. मला म्हणायचं होतं, भाऊ, सांगू नका, ही खूण नाही, हा आजार आहे. पण नेमकं तेव्हाच तोंडाचा कोपरा असा ओढला गेला, की शब्दच नीट फुटेना, आणि त्यांना दिसलं, की मी हसतोय. त्यांचा चेहरा पडला. "हसू नका हो भाऊ," एवढंच म्हणाले. मी दोन्ही हातांनी गाल दाबून धरला आणि आत पळालो. पाठोपाठ ते. छबूबाईंनी मला गाल धरलेला बघितलं आणि म्हणाल्या, "आय माय, भाऊनं तोंड वाकडं व्हयी गयं. लकवा शे हाऊ." लकवा हा शब्द ऐकल्यावर मी सोफ्यावर कोसळलो. रोहिणीचा रंग उडाला. इतके दिवस डॉक्टर डॉक्टर म्हणणारी बाई, तिच्या तोंडून तेव्हा 'डॉक्टर' निघेना.

आता न्यायचं कसं? गाडी तर गेली होती. तेवढ्यात अनीसभाई आपला टेम्पो घेऊन सोफा परत न्यायला दारात आले. हेमकांतभाऊंनी त्यांना परिस्थिती सांगितली. नवनीत आणि आणखी दोघे मला उचलायला लागले तर अनीसभाई म्हणाले, "उतरवू नका. पेशंटला हलवायचं नसतं. सोफ्यासकट चढवा. माझी भाची महजबीन नंदुरबारला डॉक्टर आहे, तिकडेच जाऊ." आणि दाजी, त्यांनी मला सोफ्यासकट चढवलं. एका बाजूला रोहिणी, दुसऱ्या बाजूला हेमकांतभाऊ, मध्ये मी. छबूबाई पुढे अनीसभाईंच्या शेजारी. नवनीत मागे फळीला पाठ लावून माझ्यासमोर खाली बसला.

अक्कलकुव्याचा बाजार भरलेला होता. डोंगरातून खाली आलेली माणसं, भाजीवाले, जीपगाड्या, आणि त्यातून एक उघडा टेम्पो, त्यात नवा सोफा, सोफ्यावर टोपी घातलेला मी. लोक बाजूला होऊन बघायला लागले. माझा डोळा मिटला, की समोरच्याला वाटे, मी ओळख देतोय. एक-दोघांनी हात केले. हायवेला लागल्यावर एका ट्रक ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, कारण त्याला मी डोळा मारला असं त्याला वाटलं, आणि तळोद्यापर्यंत तो आमच्यामागे हॉर्न वाजवत आला. नवनीतचं मात्र लक्ष फक्त माझ्याकडे होतं. "मामा, नाव सांगा," तो म्हणे. मी म्हणे, लोटन तुळशीराम पाटील. "गाव सांगा." कोरीट. "हात दाबा." मी हात दाबे. थोड्या वेळाने पुन्हा, "मामा, नाव सांगा." बोलणं जड होतंय का, हातातला जोर जातोय का, हे तो बघत होता. मध्येच तो म्हणाला, "मामा, माझी नोकरी कंत्राटी आहे, हे तुम्हाला बाबांनी सांगितलं का?" मी म्हणालो, सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. आता पुन्हा नाव सांगा." गतिरोधक आला, की सोफा घसरे, तेव्हा तो दोन्ही पायांनी तो रेटून धरी. दाजी, हे सगळं मी पाहिलंय. जावई म्हणून माणूस कसा आहे ते दिवाणखान्यात कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

डॉक्टर महजबीन तरुण आहे, बोलणं मऊ, पण कोणाचं मध्येच ऐकत नाही. आम्ही सगळेच आत घुसलो. तिने मला भुवया वर करायला लावल्या, डोळे घट्ट मिटायला लावले, दात दाखवायला लावले, दोन्ही हात पुढे धरून ठेवायला लावले. घाबरलेल्या माणसांचं असं होतं, की मागे बसलेल्यांनीही सगळं केलं. हेमकांतभाऊंनी दात दाखवले तर कवळी हातात आली. छबूबाईंचा डावा हात वर जाईना, म्हणून त्यांना लकवा झाला असं समजून रोहिणीने त्यांना धरलं, पण तो त्यांचा खांदा होता, गेल्या वर्षापासून आखडलेला.

मग तिने समजावून सांगितलं, ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण तुम्हीही दिवसभर मोबाइल बघता. नुसती पापणी फडफडणं बहुतेकांना कधी ना कधी होतं. झोप कमी, चहा जास्त, ताण, डोळ्यांवर शीण, यांनी होतं आणि विश्रांती घेतली, की काही दिवसांत आपोआप जातं. त्याला घाबरायचं कारण नाही, काडी चिकटवायचंही नाही. पण ते काही आठवडे थांबलंच नाही, डोळा पूर्ण मिटायला लागला, पापणी खाली लोंबली, डोळा लाल झाला किंवा सुजला, किंवा फडफड गालावर, तोंडावर उतरली, तर दाखवायचं. "तुम्ही केव्हाच यायला हवं होतं," ती म्हणाली. मी विचारलं, उजवा डोळा पुरुषाला शुभ असतो ना? ती म्हणाली, "काका, शिरेला पुरुष-बाई कळत नाही." माझ्या एकाच बाजूचं सगळं ओढतंय, म्हणजे चेहऱ्याच्या शिरेला आत कुठेतरी एखादी रक्तवाहिनी टेकत असावी, बहुतेक तसंच असतं, पण मेंदूच्या डॉक्टरला दाखवून एमआरआय केल्याशिवाय ती ठाम सांगणार नाही. त्यावर गालात बारीक इंजेक्शनं देतात, त्याने स्नायू सैल होतो, काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात. लकवा हा नव्हे. लकव्यात तोंड वर ओढलं जात नाही, खाली लोंबतं. आणि कधी कोणाचं अर्धं तोंड अचानक लोंबलं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर घरच्या चहाचीही वाट न बघता तडक मोठा दवाखाना गाठायचा, तिथे मिनिटं महत्त्वाची असतात. मग ती नवनीतला म्हणाली, तुम्ही वाटेत नाव विचारत होतात ते योग्य केलंत. नवनीत खाली बघायला लागला.

लकवा नाही म्हटल्यावर छबूबाई रडायला लागल्या. त्यांना रडताना बघून रोहिणी रडली, आणि दोघी त्या सोफ्यावर, दवाखान्याच्या दारात, टेम्पोतच शेजारी शेजारी बसल्या. अनीसभाईंनी कव्हर फाटलेलं बघितलं आणि म्हणाले, हा आता नवा म्हणून विकता येणार नाही, काय करायचं? हेमकांतभाऊ म्हणाले, तो माझाच. तेव्हा आता त्यांच्या घरात सोफा खरंच आहे. बायोडाट्यातली एक तरी गोष्ट दुरुस्त झाली.

गावाला मी सांगून टाकलं, की डोळा आता औषधाखाली आहे. लोक नाराज झाले. भिकुबाई तर दोन दिवस बोलली नाही. एक जण म्हणाला, निदान कापसाचे पैसे चुकते होईपर्यंत थांबा. चहा मी सकाळ-संध्याकाळवर आणलाय आणि पाण्याच्या पाळीला आता सालदार गडी जातो. पापणीची फडफड त्याने जरा उतरली आहे, गाल मात्र अजून त्याचं त्याचंच चालवतो. तर दाजी, परवा फोनवर मी जे सांगितलं ते सगळं शब्दशः खरं होतं. माझा चेहरा धरू नका, शब्द धरा.

अक्काला नमस्कार, काजलला पुन्हा आशीर्वाद.

तुमचा,
लोटन

ता. क. नोकरी कंत्राटी आहे हे काजलला स्वतःला सांगा आणि तिला ठरवू द्या. मुलाचा फोन नंबर पाठीमागे लिहिला आहे. तिला म्हणावं, साधा कॉल कर.

ता. क. २. एमआरआय सुरतेलाच ठरला आहे, येत्या गुरुवारी. आम्ही तुमच्याकडेच उतरू. आता खरं काय ते लिहितो, आणि पत्र लिहायचं खरं कारणही हेच. मला इंजेक्शनची नाही, त्या मशीनची भीती वाटते. त्यात माणसाला डोक्यापर्यंत आत सरकवतात म्हणे. काल दुपारी मी सराव म्हणून कॉटखाली जाऊन पडलो आणि लगेच बाहेर आलो. आत काय सापडेल, याचीही भीती वाटते. रोहिणीला मी 'फोटो काढायचाय' एवढंच सांगितलं आहे. तर दाजी, कामाचा खाडा झाला तरी चालेल, पण त्या दिवशी तुम्ही मशीनच्या खोलीबाहेर बसा. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. तुम्ही बाहेर आहात एवढं माहीत असलं, की मी आत पडून राहीन. हे रोहिणीला कळू देऊ नका.

ता. क. ३. दाजींना रोहिणीचा नमस्कार. पाकीट बंद करायला माझ्याकडेच दिलं होतं. फोटो कसला असतो ते मला डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि कॉटखालून निघालेले पायही मी बघितले. तुम्ही बाहेर बसालच, पण यांना सांगू नका, की मला कळलंय. खुर्च्या मात्र दोन बघून ठेवा.